तिसरी हाक

माझ्या घरात मी हाक मारली तर पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. मुलगी कॉलेजात जाते, मुलगा दहावीला आहे, दोघांचे कान शाबूत आहेत. समोर बसलेली असतात, माझ्याकडे बघतही असतात, आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं की शांतपणे म्हणतात, "हां पापा?" जणू आत्ताच ऐकू आलं.

कोणाला हे चालत असेल. मला चालत नाही. रायपूरला बूढ़ापाऱ्याच्या गल्लीत माझं जुन्या दारं-खिडक्यांचं दुकान आहे. पडणाऱ्या घरांची दारं मी काढून आणतो, घासूनपुसून विकतो. गोंदियाकडून या शहरात आलो तेव्हा घरं पाडणाऱ्या ठेकेदाराकडे पाट्या उचलत होतो आणि काढलेल्या खिडक्यांच्या ढिगावर झोपत होतो. आता गोदाम माझं आहे. बाजारात माझी ओळख एवढीच, की मी भाव एकदा सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "भैया, थोड़ा और देख लो." मी देखत नाही. ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येतं. असा माणूस स्वतःच्या घरात एकच नाव तीन-तीनदा ओरडत बसतो, याला कारण एक बाई. माझी सासू. ती आता नाही. तक्रार मात्र तिच्याबरोबर गेली नाही. ती मी सांभाळून ठेवली आहे.

ती भंडाऱ्याकडची. धानाच्या बांधीत वाकून वाकून पाठीला बाक आला होता, पण मान ताठ. अंगावर लुगडं, गालात सुपारीचं खांड. ते खांड ती चावत नसे, नुसतं या गालातून त्या गालात फिरवत असे. आवाज कधी चढवला नाही. मी ओरडायला लागलो की ती सुपारी फिरवायची थांबे, माझं संपलं की पुन्हा सुरू करी. एवढंच तिचं उत्तर.

तिचं-माझं बिनसलं ते दारावरून. तेलीबांध्याच्या पलीकडे नव्या वस्तीत मी घर बांधलं, आणि त्याला पुढचं दार लावलं ते पुरानी बस्तीतल्या एका घराचं. अस्सल सागवान, वर कमळ कोरलेलं, पितळी कडी अशी की वाजवली तर कोपऱ्यापर्यंत ऐकू जावी. त्या घरातला शेवटचा म्हातारा वारला होता, मुलं दूरदूरच्या शहरांत. मी भाव बोललो तेव्हा ती मुलं हसली. महिन्याभराने त्यांचाच फोन आला. दार मी माझ्या हाताने चौकटीसकट उतरवलं. आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा होता तो, आणि असा माल विकायचा नसतो.

वास्तूच्या दिवशी सगळे पाहुणे दाराला हात लावून वाहवा करत आत गेले. सासू रस्त्यावरच उभी राहिली.

"कोनाच्या घरचं दार हे, जवाईबापू?"

"माझ्या घरचं."

"ते आता. आधी?"

"ज्यांचं होतं ते गेले."

तिने सुपारी फिरवली. "गेले ते खरं. पन दार बदललं म्हनून त्याहिले कोनी सांगतलं का?"

पाहुण्यांत हशा पिकला. ती हसली नाही. घराला वळसा घालून सैपाकघराच्या मागच्या दाराने आत आली, आणि त्यानंतर कधीही पुढच्या दाराने आत किंवा बाहेर गेली नाही. त्याच दिवसापासून मी तिच्या लेखी 'दारवाले' झालो. ओ दारवाले, जेवून घ्या. ओ दारवाले, गाडी कितीची हाय? सगळ्या जगात मला या नावाने हाक मारणारी ती एकटीच.

मुलं लहान होती तेव्हा माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला तिची मोठी बहीण असते, डॉक्टरही तिथला चांगला, म्हणून ऑपरेशन तिथेच करायचं ठरलं. आम्हा दोघांनाही जावं लागणार होतं आणि किती दिवस लागतील ते डॉक्टर सांगत नव्हता. मुलांजवळ कोण? सासू एक पिशवी, एक सूप आणि एक बांबूची टोपली घेऊन हजर झाली.

निघायच्या दिवशी पाऊस होता. बायको अनवाणीच अंगणातल्या तुळशीपाशी जाऊन आली. ओल्या पायाचा, थोडा मुरमाच्या चिखलाचा असा तिचा ठसा उंबरठ्याच्या आतल्या फरशीवर उमटला. मी जोडे घालून तयार होतो. तपासण्यांची फाइल आत राहिली होती म्हणून तसाच जोड्यांनी आत गेलो आणि बाहेर आलो.

"जवाईबापू, जोडे काढून निघा," सासू म्हणाली.

"गाडी सुटते आहे."

"पाऊल तं ठेवून जा."

ती काय बोलते आहे ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. मी ओरडलो. तिची सुपारी थांबली. रिक्षा वळता वळता मी मागे पाहिलं, तर ती वाकून बायकोच्या त्या ठशावर टोपली पालथी घालत होती.

पुढचं सगळं मी नागपुरात बसून फोनवर ऐकलं. शेजारच्या भाभींचा फोन आला, "भैया, माँजी दरवाज़े के पास झाड़ू ही नहीं लगातीं. पूरा कचरा जमा हो गया." आपल्याकडे माणूस गावाला निघाला की त्याच्या पाठोपाठ घर झाडत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण ते एखाद्या प्रहरापुरतं. म्हातारीने ते आम्ही परत येईपर्यंत लांबवलं होतं. बाकीचं घर ती लख्ख ठेवी, पण पुढच्या दारापाशी झाडू नेत नसे. पानं, धूळ, मुलांच्या पेन्सिलींची सालं, सगळं टोपलीभोवती साचलेलं. मुलांना तिने सांगून ठेवलं होतं, "मायचं पाऊल हाय तिथं. पानी नाई लागू द्याचं. झाडू लागला तं जानारा वाट विसरते." माझी मुलगी शाळेत जाताना रोज त्या टोपलीला हात लावून जायची.

घराबाहेर मुलांची नावं घ्यायची नाहीत, हा दुसरा नियम. बाहेर कोण ऐकत असेल याचा नेम नाही, नाव शिकलं की ते उपयोगात आणतं. त्यामुळे शाळेच्या बसपाशी म्हातारी सगळ्यांच्या देखत हाक मारायची, "ए घुशी! डबा राह्यला तुहा!" बसमधली पोरं खिदळायची. मुलगी मला फोनवर रडत म्हणाली, "पापा, आजी मुझे सबके सामने घुशी बोलती है." मुलगा उंदीर होता. त्याला ते आवडलं होतं.

दार उघडण्याआधी ती आतून टकटक करी. हे मात्र मी आधीच स्वतः पाहिलं होतं. आपण बाहेरून दार वाजवतो, ही आतून वाजवायची, जरा थांबायची, आणि मग मुलांना कडी काढू द्यायची. मी एकदा विचारलं होतं, हे काय? म्हणाली, "जो टेकून उभा असंल त्यानं बाजूले व्हावं म्हनून." तिने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मी त्यानंतर दाराला कधी टेकलो नाही.

आणि तिसरी हाक. दिवेलागणीला कोणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. 'ते' एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी त्याला येत नाही. माणूसच तिसऱ्यांदा हाक मारतो, कारण माणसालाच गरज असते. असं तिचं म्हणणं. हा नियम तिने फोनलाही लावला. दवाखान्यातून बायको फोन करायची, तो वाजून वाजून बंद व्हायचा. दुसऱ्यांदा, तेच. तिसऱ्यांदा उचलायची आणि गोड आवाजात विचारायची, "कशी हायेस व माय?" ज्या बाईला उठून बसवत नव्हतं तिने आईशी बोलायला तीनदा फोन लावायचा! मी सुनावलं. तिकडून फक्त सुपारी थांबल्याची शांतता ऐकू आली.

मग आली अमावस्या. आपल्याकडची जिवतीची, इथली हरेली. त्या दिवशी इथे दारोदार कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतात आणि लोहार येऊन चौकटीत खिळा ठोकतो, घरात वाईट शिरू नये म्हणून. म्हातारीच्या गावाकडेही ही चाल आहे. नव्या वस्तीत लोहार फिरकत नाहीत. हिने कुठूनतरी शोधून आणला. संध्याकाळी मुलगा फोनवर फुशारकीने म्हणाला, "पापा, अपने दरवाज़े में इतना बड़ा कीला ठोका!"

माझ्या सागवानी चौकटीत. मी मुलाला सांगितलं, आजीला फोन दे.

"तुम्हाला काही अक्कल आहे का? त्या चौकटीची किंमत माहीत आहे?"

"खिळ्यानं भाव उतरते का?"

"उतरतो!"

"मंग तं बरं झालं. कोनी काढून नेनार नाई."

ऑपरेशनला अजून दिवस होते. मी मेहुणीला सांगितलं, बायकोजवळ थांब, मी रायपूरला जाऊन येतो. घरी कळवलं नाही. न सांगता गेलं म्हणजे मालाची खरी हालत दिसते, हा धंद्याचा नियम आहे. पिशवीत नवी पकड घेतली होती, खिळा उपटायला.

घरापाशी उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. रिमझिम होती, वस्तीची लाइट गेलेली. आतून मुलांचं हसणं ऐकू येत होतं. मी पितळी कडी वाजवली आणि मुलीला हाक मारली, "चिनी! दार उघड."

हसणं थांबलं. तोंडावर हात ठेवल्यासारखं, एकदम. मग आतून लाकडावर टकटक झाली. म्हटलं, आता उघडेल. उघडलं नाही.

मी दुसऱ्यांदा हाक मारली, आणि तिच्याबरोबर म्हातारीलाही दोन शब्द सुनावले. माझ्या हिशेबाने मी दुसऱ्यांदा बोललो तिथेच माझा तोटा झाला होता. आतून मुलाचा बारीक आवाज आला, "आजी, पापा..." आणि लगेच, "श्श."

दाराच्या अलीकडे मी आणि पलीकडे माझी मुलं, मध्ये चार बोटं जाडीचं माझंच सागवान. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी लाथ मारली. अंगठा ठणकला, दार हललं नाही, मालच तसा होता. मागच्या दाराशी गेलो, तिथेही आतून कडी. परत पुढे आलो. अंधार वाढत होता आणि फटीतून ऊद-धुपाचा वास येत होता. माझं नाव बाहेरच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेलं आहे. त्याच्या शेजारी मी उभा होतो, आणि मला वाटलं, आत जे घर आहे ते माझ्याशिवाय पुरतं भरलेलं आहे. तिथे कोणाची वाट पाहिली जात नाहीये. मानेवरून कोणीतरी ओला हात फिरवावा तसं झालं. मी मागे वळून बघितलं नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही. कोणीही बघितलं नसतं.

मग मी तिसऱ्यांदा हाक मारली. तोवर चिडायचं संपलं होतं. आवाज मला माझाच ओळखू आला नाही. "चिनी," एवढंच म्हणालो. कडी निघाली.

सासू कंदील धरून उभी होती. "या दारवाले," ती म्हणाली. "पाय धुवा. आन् त्या टोपलीले धक्का नका लावू."

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती ऐकत राहिली. मुलं मात्र जवळ आली नाहीत. सैपाकघराच्या दारात उभी राहून मला बघत होती, गिऱ्हाईक संशयाच्या मालाकडे बघतं तशी. थोड्या वेळाने मुलगा पुढे आला आणि एका बोटाने त्याने माझा दंड दाबून पाहिला.

"असली है," तो बहिणीला म्हणाला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"पापा, आप कल भी आए थे ना?" मुलगी म्हणाली.

काल या वेळेला मी नागपुरात दवाखान्याच्या दारात चहा पीत होतो.

"कल भी किसी ने बुलाया था. आपकी ही आवाज़ थी. चिनी बेटा, दरवाज़ा खोलो. दो बार. मैं खोलने जा रही थी, आजी ने हाथ पकड़ लिया. फिर तीसरी बार नहीं बुलाया."

मी सासूकडे पाहिलं. "पोरांच्या डोक्यात काय भरवताय हे?"

"म्या काई नाई भरवलं. मलेबी ऐकू आलं नं." तिने माझ्यापुढे चहा ठेवला. "आवाज तुमचाच होता. हुबेहूब. फकत तुमच्यापेक्षा गोड बोलत होता. तवाच मले समजलं, हे आपले दारवाले नाई."

मुलगा फिस्सकन हसला. मुलगी हसली नाही. ती खाली बघून म्हणाली, "वो गुस्सा नहीं थे."

ते मला आत कुठेतरी लागलं. अजूनही लागतं. पुढे कधी मी मुलांवर भडकलो की ती आपसात म्हणायची, 'वो वाले पापा' असे नव्हते. ज्याला कोणी पाहिलं नाही, ज्याने त्यांना एक वही घेऊन दिली नाही, त्याच्याशी माझी तुलना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात मी ओसरी तपासायला गेलो. चोर असणार, घरधनी बाहेरगावी आहे हे कळलेला कोणीतरी. ओसरीवर छप्पर आहे, आणि म्हातारीच्या कृपेने तिथे झाडू लागलेला नव्हता. माझ्या जोड्यांचे कालचे ठसे होते. त्यांच्या बाजूला, दाराच्या अगदी जवळ, वाळलेल्या मुरमाच्या चिखलात दोन अनवाणी पावलं होती. बोटं दाराकडे. टेकून उभ्या असलेल्या माणसाची असावीत तशी, चवड्यांवर भार दिलेली.

चोर कोणत्या मापाचा आहे ते बघावं म्हणून मी जोडा काढला आणि उजवा पाय त्यावर ठेवला. टाच टाचेवर बसली. अंगठा अंगठ्यावर. माझी करंगळी वाकडी आहे. हमाली करत होतो तेव्हा तिच्यावर दाराची झडप पडली होती, तेव्हापासून ती शेजारच्या बोटावर चढून बसते. ठशातली करंगळीसुद्धा चढलेली होती.

मी पाय उचलला. मागे सासू उभी होती, घराला वळसा घालून आली होती. हातात पाण्याची बादली.

"जमलं नं माप?"

"कोणी कामगार असेल," मी म्हणालो. "आमच्या धंद्यात सगळ्यांचीच बोटं वाकडी असतात."

"हाव. असंल." तिने बादली माझ्याजवळ ठेवली. "ते धुऊन टाका आता. तुम्ही येऊन गेले."

मी बादली ओतली. पुन्हा भरून आणली, पुन्हा ओतली. पकड पिशवीतच राहिली. खिळ्याचं बोलणं निघालं नाही, कारण मला दुपारची गाडी धरायची होती आणि म्हातारीशी वाद घालायचा तर दिवस जातो. निघताना जोडे हातात घेतले, ओल्या पायांनीच उंबरठा ओलांडला आणि ते बाहेर ओसरीवर घातले. आत नाड्या बांधायला नीट दिसत नव्हतं, म्हणून. रिक्षात बसलो तेव्हा म्हातारी आत वाकलेली दिसली. टोपली एकच होती, म्हणून दुसऱ्या ठशावर तिने सूप पालथं घातलं होतं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. बायकोला घेऊन आलो तेव्हा ती इतकी उतरली होती, की पायऱ्या चढताना तिचा सगळा भार माझ्या हातावर होता आणि तो भार काहीच नव्हता. दारापाशी तिने हलक्या आवाजात हाक मारली, "आई." मी मनात म्हटलं, आता तीनदा मारावी लागणार बिचारीला. पण टकटक झाली आणि दार पहिल्याच हाकेला उघडलं.

"मला तीन आणि हिला एक?" मी म्हणालो.

"तिचं पाऊल होतं नं माह्यापाशी." म्हातारीने टोपली उचलली. लोट्याने लेकीच्या पायावर पाणी घातलं आणि म्हणाली, "ठेव." बायकोने भिंत धरून पाय त्या जुन्या ठशावर ठेवला. म्हातारी बराच वेळ वाकून बघत राहिली. सुपारी थांबलेली होती. मी ओरडत नसताना ती थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली. लेकीचा पाय बारीक झाला होता, ठसा कडेने थोडा उरत होता. तिने बोटाने तो उरलेला मुरूम आत सारला, लेकीच्या पावलाला लावला, आणि म्हणाली, "बसलं." मग उठली, झाडू घेतला आणि दारापासून सुरुवात करून सगळं घर झाडून काढलं.

सूप कधी उचललं ते मी बघितलं नाही. मला सामान उतरवायचं होतं.

बायको हिंडूफिरू लागल्यावर ती गावी निघाली. मागच्या दाराने. मी म्हटलं, येत जा. असं म्हणायची पद्धत आहे. तर म्हणाली, "बोलवान तं येईन. पन तीन डाव बोलवा." मुलं हसली. मला ती थट्टा वाटली नाही. ती माझ्याशी घासाघीस करत होती, आणि कशावर करत होती हे तिला पक्कं माहीत होतं.

पुढच्या दिवाळीला मी स्वतः फोन करून तिला बोलावलं. एकदा. माझ्या एकदा बोलण्याला या शहरात किंमत आहे. बायको म्हणायची, "आणखी दोनदा म्हना नं हो, तुमचं काय जाते?" काय जातं ते बायकांना कळत नाही. मुलं सुटीत तिच्याकडे जायची आणि नियम आणखी पक्के करून परत यायची. ती काही आली नाही. तिनेही सोडलं नाही, मीही नाही. गेल्या हिवाळ्यात, धान कापणीच्या दिवसांत ती गेली. आम्ही सगळे जाऊन आलो. तिच्या घराच्या दाराला कडी नव्हती, नुसता बांबूचा तट्ट्या होता, दोरीने बांधलेला.

आता यंदाच्या पावसाळ्यातली गोष्ट. बायको मुलाला घेऊन बाजारात गेली होती. मी आणि चिनी घरात. लाइट होती. ती मोबाइलवर काहीतरी बघत होती, मी एका गिऱ्हाईकाला फोनवर झापत होतो. फोन ठेवला, आणि बाहेरून हाक आली.

"ओ दारवाले."

चिनीने मोबाइल उलटा ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. फक्त माझं मनगट धरलं, तिच्या आजीने एकदा तिचं धरलं होतं तसं घट्ट.

बाहेर रिमझिम होती. कोणाची तरी स्कूटर गेली.

"ओ दारवाले."

आवाज चढलेला नव्हता. गालात सुपारी असल्यावर शब्द थोडा एका बाजूने येतो, तसा येत होता. दाराच्या अगदी जवळून, पुढच्या दारातून. ज्या दाराने ती जन्मात आत आली नाही त्या दारातून.

मी चिनीचा हात सोडवला आणि दारापाशी गेलो. "पापा, मत खोलो," ती म्हणाली. मी कडीवर हात ठेवला. तिथेच वर तो खिळा आहे, तो हाताला गार लागला. दाराला टेकलो नाही. आतून टकटक केली आणि थांबलो.

मी विचार करत होतो, मी तिला एकदा बोलावलं होतं. ती आज दोनदा म्हणाली होती. माझ्यापेक्षा एक जास्त. आता एकच उरली होती. तिसरी आली असती तर मी दार उघडलं असतं, बाहेर कोणीही उभं असतं तरी उघडलं असतं.

सगळ्या आयुष्यात मी समोरच्याला जे कधी म्हटलं नाही ते म्हणालो. दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणालो, "आई, आणखी एकदा बोला ना."

पलीकडे कोणीतरी ऐकत होतं. सुपारी थांबली की कशी शांतता होते ती मला माहीत आहे.

बायको आणि मुलगा येईपर्यंत मी तसाच उभा होतो. म्हातारीने आपला भाव सोडला नाही.